साप्ताहिक चाचणी: गुगल फॉर्म, मूडल की कहूट?

कोकणातल्या महाविद्यालयात शिकवत असाल आणि दर आठवड्याला ऑनलाइन चाचणी घ्यायची असं ठरवलं असेल, तर आधी एक स्पष्ट करून टाका: ती गुणांसाठी आहे की अभ्यासासाठी? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला होता. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. चाचणीचा खरा उपयोग हा. अंतर्गत गुणांची धास्ती घातलीत की मुलं उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरवतात, आणि आठवण्याचे कष्ट कुणीच घेत नाही.

कहूट, म्हणजे वर्गात सगळ्यांनी एकदम फोनवर खेळायचा प्रश्नमंजुषेचा खेळ, पटकन उरकतो. तासाच्या शेवटी वर्गात जान येते, हे खरं. पण साधारणपणे त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, आणि सगळ्यांना एकाच वेळी नेट हवं. जुलैत वीज गेली की मागोमाग रेंजही जाते, तिथे हा खेळ अर्ध्यावर बंद पडतो. सत्रात एखाद-दोनदा ठीक.

खरी निवड फॉर्म आणि मूडल (महाविद्यालयाच्या सर्व्हरवर चालणारं अभ्यासक्रम-चाचण्यांचं सॉफ्टवेअर) यांच्यात आहे. फॉर्म आज संध्याकाळी बसलात तर आज तयार होतो. कुणाची परवानगी नको, सर्व्हर नको. प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नाला चुकीच्या उत्तरासाठी वेगळा अभिप्राय लिहिता येतो, आणि माझ्या मते सगळी मेहनत तिथेच करावी. उदाहरणार्थ, वनस्पतिशास्त्राचा प्रश्न: तिवराची चिखलातून वर आलेली मुळं कशासाठी? 'मीठ बाहेर टाकण्यासाठी' हा पर्याय मुद्दाम ठेवा. खाडीकाठची पोरंही तो निवडतील, कारण तिवर मीठ टाकतं हे खरंच आहे, पण पानांतून. मुळं वर येतात ती चिखलात प्राणवायू नसतो म्हणून. एवढी दोन वाक्यं फॉर्म पाठवल्यावर लगेच दिसली, की 'चूक' या लाल खुणेपेक्षा कितीतरी जास्त शिकवून जातात.

फॉर्मची अडचण मराठी लघुउत्तरांत येते. उत्तर अक्षरशः जुळावं लागतं. 'श्वसनमूळ' (तिवराचं ते वर आलेलं मूळ) अपेक्षित असताना कुणी 'श्वसनमुळ' लिहिलं की शून्य. जेवढी रूपं सुचतील तेवढी उत्तरांच्या किल्लीत भरत बसायची, नाहीतर सरळ बहुपर्यायी घ्यायचे. शिवाय वेळमर्यादा अंगभूत नाही आणि मोठ्या प्रश्नसंचातून प्रत्येकाला वेगळे प्रश्न देण्याची सोयही नाही.

मूडलमध्ये हे सगळं आहे. २००२ पासूनचं हे मुक्त सॉफ्टवेअर. प्रश्नपेढीतून यादृच्छिक प्रश्न, हवे तेवढे प्रयत्न, लघुउत्तरात तारांकन (*) घालून रूपांची सवलत. पण कोकणासाठी कळीची सोय वेगळीच: मूडलच्या मोबाइल ॲपवर चाचणी उतरवून घ्यायची, नेट नसताना सोडवायची आणि रेंज आल्यावर पाठवायची. राजापूर-देवरुखच्या गावांतून एसटीने येणाऱ्या मुलांना ती वाटेतच सोडवता येते. दोन अटी आहेत. अशा नेटशिवाय सोडवायच्या चाचणीला वेळमर्यादा लावता येत नाही, आणि अभिप्राय चाचणी संपल्यावरच मिळतो. अभ्यासासाठीच्या चाचणीला दोन्ही चालतं.

फक्त मूडल उभं करायला सर्व्हर, तो सांभाळणारा माणूस आणि महाविद्यालयाचा होकार लागतो. एकट्या प्राध्यापकाने त्या फंदात पडू नये. तांत्रिक माणूस सुट्टीवर आणि पासवर्ड विसरलेली साठ मुलं तुमच्या दारात, असं होतं. विभागाने मिळून करायचं असेल, किंवा महाविद्यालयात ते आधीच असेल, तर मी डोळे झाकून मूडल म्हणेन. एकटे असाल तर फॉर्मच घ्या, गुण धरू नका, आणि एकाहून जास्त वेळा सोडवायची मुभा ठेवा.

मात्र प्रश्न फक्त फॉर्ममध्ये अडकवून ठेवू नका. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये गिफ्ट किंवा एकेन या मूडलला वाचता येणाऱ्या मांडणीत लिहून ठेवलेत, तर पुढे मूडल आलं की ती फाइल तिथे थेट चढवता येते आणि पुन्हा टंकलेखन वाचतं.