सिप्रो, लेव्हो, मॉक्सीच्या डिस्क आणि एमआयसी स्ट्रिप : वर्षभर वापरल्यावर

सिप्रो, लेव्हो, मॉक्सी ही फ्लुरोक्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स. डिस्क म्हणजे औषध लावलेली कागदी चकती, जंतू पसरलेल्या प्लेटवर ती ठेवली की तिच्याभोवती जंतू न वाढलेलं जे वर्तुळ दिसतं तो झोन, मिमीमध्ये मोजायचा. त्यावरून औषध चालेल (सेन्सिटिव्ह), मधलं (इंटरमिजिएट) की चालणार नाही (रेझिस्टंट) ते ठरतं. मागच्या पावसाळ्यात एका डॉक्टरांचा फोन आला होता, "मॅडम, युरिन कल्चरच्या रिपोर्टमध्ये सिप्रोचा झोन २४ आहे आणि लेव्होचा २२, म्हणजे सिप्रोच जास्त चालतंय ना, मग तुम्ही सिप्रोला इंटरमिजिएट आणि लेव्होला सेन्सिटिव्ह का दिलंय, उलटं टाईप झालंय का?" उलटं काही झालं नव्हतं, पण फोनवर ते त्यांना नीट पटवून देता येईना. त्याच आठवड्यात मी सरांच्या मागे लागून सिप्रो, लेव्हो आणि मॉक्सीच्या एमआयसी स्ट्रिप (एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं सगळ्यात कमी प्रमाण) मागवून घेतल्या. आता वर्ष झालं, डिस्क आणि स्ट्रिप दोन्ही शेजारी शेजारी वापरतेय, म्हणून हे सविस्तर लिहितेय, छोट्या लॅबवाल्यांना उपयोग होईल.

आधी डिस्कबद्दल. सिप्रो ५ मायक्रोग्रॅम, लेव्हो ५, ओफ्लॉक्स ५, मॉक्सी ५ आणि नॉरफ्लॉक्स १०, असा सगळा सेट आमच्याकडे असतो. एक गोष्ट मनापासून सांगते, फ्लुरोक्विनोलोनच्या डिस्क फार दणकट असतात. मे महिन्यात एक पार्सल चार दिवस रस्त्यात राहिलं, उघडलं तर आईस पॅकचं पाणी झालेलं. सप्लायर म्हणाला काही होत नाही वापरा, पण मी सगळ्यांचं क्यूसी (दर्जा तपासणी) लावलं. त्यासाठीच्या ठरलेल्या जंतूवर, म्हणजे एटीसीसी २५९२२ च्या ई. कोलायवर लेव्होचा झोन ३२ आला (हवा २९ ते ३७ मध्ये), सिप्रोही व्यवस्थित. अमॉक्सीक्लॅव्हच्या डिस्क मात्र त्याच पार्सलमधल्या आणि झोन रेंजच्या खाली, अख्खी कार्ट्रिज फेकावी लागली. त्यामुळे सिप्रो नीट आलं म्हणजे पूर्ण लॉट नीट आहे असं धरू नका, नाजूक डिस्क आधी तपासा. आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या कार्ट्रिज उघडायची नाही, डबी रूम टेम्परेचरला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं आणि डिस्क एकमेकींना चिकटतात.

आता त्या २४ आणि २२ कडे येते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. एका औषधाचा झोन दुसऱ्या औषधाच्या झोनशी ताडून बघायचाच नसतो. प्रत्येक औषध आगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीसारख्या थरात) आपापल्या वेगाने पसरतं, त्यामुळे डिस्कमध्ये दोन्हीकडे ५ मायक्रोग्रॅम असलं तरी तेवढ्याच ताकदीला झोन वेगवेगळा येतो. झोन ताडायचा तो त्याच औषधाच्या ब्रेकपॉईंटशी (सेन्सिटिव्ह की नाही ते ठरवणाऱ्या आकड्याशी). सीएलएसआय या लॅबचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या टेबलात ई. कोलाय वगैरेंसाठी सिप्रो सेन्सिटिव्ह म्हणायला २६ किंवा जास्त लागतो, २२ ते २५ इंटरमिजिएट, लेव्होला मात्र २१ पुरतो. म्हणून २४ वाला इंटरमिजिएट आणि २२ वाला सेन्सिटिव्ह.

आणि इथे मला डिस्कच्या कंपनीवर खरंच राग आला (नाव लिहीत नाही). डबीतल्या माहितीपत्रकावर सिप्रोचा अजून जुनाच २१ चा आकडा छापलेला! हे ब्रेकपॉईंट २०१९ मध्ये बदललेत, आधी एमआयसी १ पर्यंत सेन्सिटिव्ह धरायचे, आता ०.२५ पर्यंतच. त्या कागदावर विसंबून रिपोर्ट दिला तर हाच २४ चा झोन बिनधास्त सेन्सिटिव्ह म्हणून जातो आणि पेशंट पाच दिवस गोळ्या खाऊन परत तापाने फणफणत येतो. मी दोनदा मेल केला, पुढच्या लॉटमध्येही तोच कागद. तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि चालू वर्षाचं टेबल भिंतीवर लावा.

स्ट्रिप मला का आवडल्या ते सांगते. कागदाची पट्टी, आमच्याकडच्या सिप्रोवर ०.००२ ते ३२ पर्यंत आकडे छापलेले, एका टोकाला औषध जास्त आणि दुसऱ्या टोकाकडे कमी होत जाणारं. लॉन करून (जंतू प्लेटभर सारखा पसरून) फोर्सेपने ठेवली की आगरला लगेच धरते, मग सरळ करायला हलवायची नाही, औषध उतरायला सुरुवात झालेली असते. पहिल्या आठवड्यात माझ्या दोन वाया गेल्या अशाच. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की पट्टीच्या दोन्ही बाजूंनी थेंबाच्या आकाराची स्वच्छ जागा दिसते, वर रुंद, खाली निमुळती, आणि तिची कड पट्टीला जिथे टेकते तो आकडा म्हणजे एमआयसी. दोन मोठ्या रेघांच्या मध्ये टेकली तर वरचा आकडा घ्यायचा.

त्या युरिनच्या ई. कोलायवर दोन्ही स्ट्रिप लावल्या तर सिप्रो ०.५ आणि लेव्होसुद्धा ०.५! आकडा अगदी सारखा, तरी सिप्रो इंटरमिजिएट आणि लेव्हो सेन्सिटिव्ह, कारण टेबलात लेव्होला ०.५ पर्यंत मुभा आहे, ते ७५० मिलिग्रॅम रोज एकदा या डोसवर धरलेलं आहे, आणि सिप्रोचं गणित तोंडाने ५०० दिवसातून दोनदा किंवा शिरेतून ४०० दोनदा यावर. म्हणजे कोणी लेव्हो ५०० च देणार असेल तर तो सेन्सिटिव्ह शब्द तितकासा भरवशाचा राहत नाही, हे मी आता डॉक्टरांना आवर्जून सांगते.

मग मला चटकच लागली. डायबेटिक फूटच्या जखमेतला स्युडोमोनास घेतला, सिप्रो ०.२५, लेव्हो १, मॉक्सी ४. पूवाल्या साध्या स्टॅफ ऑरियसवर बरोबर उलटा क्रम, सिप्रो ०.५, लेव्हो ०.२५, मॉक्सी ०.०६. असं शेजारी शेजारी बघितलं ना की पुस्तकात वाचलेलं डोळ्यासमोर उभं राहतं. ही औषधं जंतूच्या डीएनए गायरेज आणि टोपोआयसोमरेज ४ या दोन एन्झाईमना धरतात, ग्रॅम निगेटिव्हमध्ये (ई. कोलाय, स्युडोमोनाससारख्या जंतूंत) मुख्य घाव गायरेजवर बसतो आणि स्टॅफमध्ये बहुतेक टोपोआयसोमरेजवर, आणि कोणतं औषध कुठे जोरात लागतं ते प्रत्येकाचं वेगळं. "नवीन पिढीचं म्हणजे सगळ्यावर भारी" असं समजून स्युडोमोनासला मॉक्सी देणाऱ्यांना मी ही प्लेट दाखवते. आणि मॉक्सीचा युरिन इन्फेक्शनसाठी विचारच नको, ते लघवीत पुरेसं उतरत नाही, प्लेटवर कितीही छान दिसू दे. ओफ्लॉक्सची स्ट्रिप मी घेतली नाही, लेव्हो म्हणजे ओफ्लॉक्समधला काम करणारा अर्धा भागच वेगळा काढलेला आहे, त्यामुळे ओफ्लॉक्सची एमआयसी साधारण लेव्होच्या दुप्पट येणार हे धरून चालायचं.

टायफॉईडला तर स्ट्रिपशिवाय मी आता रिपोर्टच देत नाही. साल्मोनेला टायफीला सिप्रोचा ब्रेकपॉईंट ०.०६, झोन ३१ लागतो, आणि आपल्याकडच्या ब्लड कल्चरमध्ये तेवढा झोन बघायला मिळणंच दुर्मीळ झालंय, आयसीएमआरचे दरवर्षीचे रिपोर्ट बघा, तिथेही हेच चित्र आहे. २५-२६ चा गोल गरगरीत झोन बघून मन फसतं हो, मीसुद्धा सुरुवातीला फसले असते. आधी पेफ्लॉक्सासिनची (याच गटातलं औषध) ५ मायक्रोग्रॅमची डिस्क लावते, २४ च्या खाली आला की फ्लुरोक्विनोलोन बाद. ही डिस्क स्वस्त आहे, पण पटकन मिळत नाही, आधीच सांगून ठेवावी लागते.

तक्रारी पण आहेत. पहिली किंमत, दोन-चार स्ट्रिपच्या पैशात डिस्कची अख्खी कार्ट्रिज येते, प्रत्येक सॅम्पलला लावणं परवडत नाही. झोन ६ मिमी असेल (म्हणजे डिस्कचाच व्यास, औषधाचा काही परिणामच नाही) तिथे स्ट्रिप लावून पैसे घालवू नका, आमच्याकडे आयसीयूतल्या क्लेबसिएला जंतूत निम्म्या वेळा हेच असतं. दुसरं, प्लेट नीट नसेल तर डिस्क आणि स्ट्रिप दोन्ही खोटं बोलतात. मध्यंतरी आम्ही रेडिमेड म्युलर हिंटन (या तपासणीचं ठरलेलं आगर) प्लेट घेतल्या, एका बाजूला आगर ४ मिमी आणि दुसरीकडे जेमतेम ३, पातळ बाजूचे झोन फुगलेले. परत घरीच ओतायला लागलो. पीएच ७.२ ते ७.४ बघाच, आगर आम्लाकडे झुकलं की ही सगळी औषधं ढिली पडतात आणि चांगला जंतूही रेझिस्टंट दिसायला लागतो. जंतूच्या द्रावणाची टर्बिडिटी (गढूळपणा) ०.५ मॅकफारलंड या ठरलेल्या मापाची लागते, ती डोळ्याने अंदाजे नको, स्टँडर्ड ट्यूब शेजारी धरून करा.

पाचपैकी द्यायचे तर स्ट्रिपला साडेचार, डिस्कला चार, आणि त्या माहितीपत्रकाला शून्य. स्ट्रिप प्रत्येकी सीलबंद येतात ते मला फार सोयीचं वाटतं, उणे २० ला ठेवल्या आणि एटीसीसी २५९२२ वर सिप्रो दर वेळी ०.००८ च्या आसपास येतंय, रेंज ०.००४ ते ०.०१६.

त्या डॉक्टरांना नंतर लॅबमध्ये बोलावून त्याच ई. कोलायच्या दोन प्लेट दाखवल्या, त्यांनी मोबाईलवर फोटो काढून घेतले आणि आता ते स्वतःच फोन करून विचारतात, "मॅडम, एमआयसी किती आली?" पुढच्या ऑर्डरमध्ये सिप्रो-लेव्होच्या तीस-तीस लिहिल्यात, मॉक्सीच्या दहा पुरतील.