जुन्या रायफलचा दस्ता: घासून पॉलिश की पुसून तेल?

सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावल-चोपड्याकडे, आजोबांच्या लायसनवरची .३१५ बोअरची रायफल वारसाने नावावर आलेली माणसं आहेत. इशापूरच्या कारखान्यातली, ली-एनफिल्डच्या धाटणीची ही रायफल वर्षानुवर्षं कपाटात पडते आणि दस्ता काळा, चिकट होऊन बसतो. मग कुणीतरी सांगतं, "पॉलिश पेपर मारा, पीयू करा, नवी दिसेल."

दिसेल, यात वाद नाही. पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) किंवा वॉर्निशचा थर ओल अडवण्यात तेलापेक्षा सरस, आणि एकदा केलं की काही वर्षं बघायला नको. पण पेपर काळेपणासोबत लाकूडही खातो. कारखान्याचे ठसे जातात, कडा गोल होतात आणि जिथे लाकूड लोखंडाला समतल भिडलेलं होतं तिथे लोखंड वर, लाकूड खाली अशी पायरी पडते. ती पुन्हा भरून येत नाही. शिवाय नीट घासायचं तर दस्ता सोडवावा लागतो. ली-एनफिल्ड क्रमांक १ या मॉडेलमध्ये पुढचं लाकूड न काढता दस्ता धरून ठेवणारा मागचा बोल्ट फिरवला तर पुढचं लाकूड तडकू शकतं. आणि सुताराकडे द्यायचं म्हणाल, तर शस्त्र कायदा १९५९ मध्ये सुटे भागही शस्त्रातच मोडतात. ओळखीचा असला तरी त्याच्याकडे टाकून येऊ नका. लायसन असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

पुसण्याला यातलं काही लागत नाही. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, मग बसा. पांढऱ्या सुती कापडावर थोडं टर्पेंटाइन घेऊन रेषांच्या दिशेने पुसायचं. पहिलं कापड चहाच्या गाळणीसारखं तपकिरी होतं, तिसऱ्या-चौथ्याला रेषा दिसू लागतात. नक्षीच्या खाचांत जुना टूथब्रश चालतो. पोचा आला असेल आणि रेषा तुटलेल्या नसतील, तर ओलं कापड ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. वाफेने लाकूड बरंच फुगून येतं. धुण्याचा सोडा मात्र नको, अक्रोडाचं लाकूड त्याने काळवंडतं.

मग जवसाचं तेल. घरात शेंगदाण्याचं आहे म्हणून तेच चोळू नका. ते वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. ब्रिटिश लष्करी रायफलींच्या लाकडाला हेच दिलं जायचं. कच्चं तेल वाळायला दिवस लागतात, डबल बॉइल्ड लवकर वाळतं. हात अगदी पातळ द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून टाकायचं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि लगेच पावसाळी दमट हवा. लाकूड आकसतं, फुगतं. पॉलिशचा थर कुठे तडकला तर त्याखाली ओल शिरते आणि पूर्ण थर काढून नव्याने करावं लागतं. तेलाला वर्षाकाठी एक हात दिला की भागतं.

म्हणून माझा कौल पुसण्याला. आधीच कुणी वॉर्निश फासलंय आणि ते पापुद्र्यांनी सुटतंय, तिथे मात्र जुना थर काढावाच लागेल, तोही रिमूव्हरने. पेपर अगदी शेवटी आणि बारीक.

तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, ढिगातला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा आणि मगच फेका.