मोटो गुझ्झी ८५० टी-३: गोठ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. टी-३ ही मोटो गुझ्झी या इटालियन कंपनीची सत्तरच्या दशकातली मोटरसायकल, आणि गाडी अप्रतिम आहे. मी ती रोज नाही, पण दर आठवड्याला नक्की चालवतो आणि विकायचा विचारही मनात येत नाही. मात्र इतकी वर्षं ओलाव्यात पडून राहिलेली गाडी घ्यायची असेल, तर मीटरवरच्या किलोमीटरकडे अजिबात बघू नका. माझ्या गाडीच्या मीटरवर जेमतेम ३० हजार होते. या इंजिनाला ३० हजार म्हणजे काहीच नाही. तरीही जे काही खराब झालं होतं, ते सगळं न चालल्यामुळे झालं होतं.

मी कामानिमित्त मिलानमध्ये राहतो. गाडी मिळाली दक्षिणेला लोदीच्या बाजूला, एका जुन्या शेतघराच्या गोठ्यात. हा पो नदीच्या खोऱ्याचा सपाट, दूधदुभत्याचा मुलूख. हिवाळ्यात इथे दिवस दिवस धुकं हटत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तसा ओलावा इथे थंडीत असतो. गोठा म्हटला की आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे अमोनिया. जनावरांच्या मूत्रातून उठणारा हा वायू तांबं आणि पितळ खातो. गाडीच्या वायरिंगचे सगळे जोड हिरवे पडले होते, कार्बोरेटरच्या पितळी जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या तोट्यांवर, काळपट थर चढला होता. आपल्याकडे गावी बुलेट, जावा गोठ्यात लावून ठेवायची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. गोठ्यापेक्षा अंगणातली साधी पत्र्याची शेड बरी.

विकणाऱ्या आजींच्या यजमानांची ही गाडी. कागदपत्रं त्यांनी नीट जपली होती आणि इटलीत ही फार मोठी गोष्ट आहे, कारण कागद नसलेली जुनी गाडी पुन्हा नोंदवून घेणं हे वेगळंच दुखणं असतं. टायर किती जुने आहेत ते पाहिलं, तर बाजूला छापलेल्या, टायर केव्हा बनला ते सांगणाऱ्या कोडमध्ये शेवटी तीनच आकडे. चार आकडी आठवडा-वर्ष २००० पासून सुरू झालं, म्हणजे टायर त्याआधीचे. गाडी केव्हापासून उभी आहे याचा अंदाज मला तिथेच आला.

थोडं गाडीबद्दल. टी-३ आली १९७५ साली. ८४४ सीसी, ९० अंशांत बसवलेले दोन सिलिंडर, तेही आडवे, म्हणजे दोन्ही बाजूंना हवेत बाहेर आलेले. मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट आहे, म्हणजे फिरणारा दांडा. इंजिनाचं मूळ गुझ्झीचे इंजिनिअर जुलिओ चेझारे कार्कानो यांचं, आणि चेसिस तिथलेच इंजिनिअर लिनो तोन्ती यांची, जी १९७१ च्या व्ही-७ स्पोर्टसाठी आखली गेली. या चेसिसचे खालचे दोन पाइप बोल्ट काढून सुटे होतात, त्यामुळे इंजिन-गिअरबॉक्स खाली ठेवून चेसिस वरून उचलून घेता येते. हे ज्याने ठरवलं त्याला दुरुस्ती करणाऱ्याची कदर होती असं मला मनापासून वाटतं. गेल्या काही महिन्यांत मी या गाडीच्या प्रेमात पडलो ते तिच्या वेगामुळे नाही. ती उघडता येते, समजते आणि परत बसवता येते, म्हणून.

आता मुख्य गोष्ट, सिलिंडर.

बंद गाडी मिळाली की बॅटरी जोडून स्टार्टर मारून बघायचा मोह सगळ्यांना होतो. तो या गाडीवर फार महाग पडू शकतो. त्या काळातल्या टी-३ चे सिलिंडर ॲल्युमिनियमचे, आणि आतून त्यांना कडक क्रोमचा मुलामा. क्रोमच्या थराला केसाइतक्या बारीक भेगा असतातच. गाडी चालती असेल तेव्हा तिथे तेल असतं, काही बिघडत नाही. पण गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की भेगांमधून ओलावा आत जातो, खालचं ॲल्युमिनियम पांढरं पडून फुगतं, आणि वरचा क्रोम पापुद्र्यासारखा उचलला जातो. अशा वेळी इंजिन फिरवलं की पिस्टनवरच्या रिंगा ते पापुद्रे ओरबाडून काढतात आणि क्रोमचे कण तेलात मिसळतात. क्रोम प्रचंड कडक धातू आहे. तो तेलातून बेअरिंगपर्यंत पोचला की इंजिनाच्या तळापर्यंत सगळंच उघडावं लागतं.

म्हणून मी प्लग काढले, आत पातळ तेल सोडलं आणि काही दिवस गाडीला हात लावला नाही. मग हेड, म्हणजे सिलिंडरवरची व्हॉल्व्ह असलेली झाकणं, उतरवले. सिलिंडर बाहेरच असल्यामुळे हे काम इंजिन चेसिसमध्ये असतानाच होतं. डावा सिलिंडर बरा होता. उजव्यात व्हॉल्व्ह उघडा राहिलेला, आणि खालच्या बाजूला जिथे पाणी साचलं असणार, तिथे नखाएवढा क्रोमचा तुकडा सुटलेला. हा सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून रुंद करून, मोठ्या मापाचा (ओव्हरसाइझ) पिस्टन घालणं इथे चालत नाही, कारण मुलामाच जातो. उपाय एकच, निकासिल मुलाम्याचे नवे सिलिंडर-पिस्टन. निकासिल म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण, आणि तो थर क्रोमसारखा उचलला जात नाही. असे सिलिंडर बनवणारी जिलार्दोनी ही कंपनी गुझ्झीच्याच गावात, मांदेल्लो देल लारिओमध्ये आहे. एकूण खर्चातला सर्वांत मोठा आकडा हाच. जोडीने तेलाचं पॅन उतरवलं. टी-३ चा ऑइल फिल्टर पॅनच्या आत आहे, त्यामुळे तो बदलायचा म्हणजे पॅन खोलावंच लागतं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, आत तेलातला गाळ साठायला एक पोकळी असते आणि तिला स्क्रूचं बूच असतं. तेही साफ करून घेतलं. आत काळी, घट्ट पेस्ट होती. इंजिन एवढं उघडलं असेल तर हे काम टाळू नका.

टाकी २५ लिटरची, लोखंडी, आतून लाल. मी सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचं सत्त्व, कोमट पाण्यात विरघळवून भरलं, अधूनमधून बघत राहिलो, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवलं आणि आतून तेलाचा हात फिरवला. ॲसिड विसरून दोन-तीन दिवस ठेवलं तर ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं. टाकीला आतून रबरी लेप देणारे बरेच जण असतात. मी दिला नाही. लेप सुटला की त्याचे तुकडे थेट कार्बोरेटरमध्ये जातात.

कार्बोरेटर देल'ओर्तोचे व्हीएचबी ३०, चौकोनी स्लाइडचे, जस्ताच्या मिश्रधातूचे. शिळं पेट्रोल वाळून डिंकासारखा थर झाला होता आणि स्लाइड जागेवर घट्ट. गरम पाणी, अल्ट्रासॉनिक टब आणि भरपूर सबुरी. स्क्रूड्रायव्हरने ढोसलं तर बॉडीच जाते. जेट सगळे नवे घातले, स्वस्त असतात.

ब्रेकवर जरा थांबतो. टी-३ ची खासियत म्हणजे जोडलेले ब्रेक. पायाच्या ब्रेकने मागची डिस्क आणि पुढच्या दोनपैकी एक डिस्क एकदम लागते, हाताच्या लिव्हरने फक्त पुढची दुसरी. १९७५ साली रस्त्यावरच्या गाडीत हे देणं धाडसाचंच होतं. कॅलिपरचे, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखं धरणाऱ्या भागाचे, पिस्टन गच्च चिकटले होते. ते ग्रीसगनच्या दाबाने बाहेर काढले. कंप्रेसरची हवा वापरू नका, पिस्टन गोळीसारखा सुटतो. रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसत होते, पण आतून फुगले होते. असा होज झडपेसारखं काम करतो: ब्रेक लागतो आणि सुटत नाही. सगळे होज, सगळी रबरं बदलली. इथे पैसे वाचवण्यासारखं काही नाही.

वायरिंग पूर्ण नवं न करता प्रत्येक जोड कापून नवा केला, अर्थिंग चेसिसला स्वच्छ धातूवर दिलं. सीट फाटली आहे तशीच ठेवली. रंगाला हात लावला नाही. टाकीवरचे ओरखडे तिच्या मालकाचे आहेत, ते मला आवडतात.

आता चालवण्याबद्दल, कारण हा रिव्ह्यू वापरानंतरचा आहे.

गाडी चोक ओढून थंडीतही सहज धरते. उभ्या गाडीवर ॲक्सिलरेटर दिला की ती उजवीकडे कलते, कारण क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला आहे. पहिल्यांदा दचकायला होतं, आठवड्याभरात तेच हवंहवंसं वाटतं. गिअर सावकाश, ठाम पायाने टाकावे लागतात. क्लच मोटारीसारखा ड्राय, म्हणजे तेलात न बुडालेला, आणि हाताला जड, त्यामुळे मिलानच्या ट्रॅफिकमध्ये मनगट बोलतं. शाफ्टमुळे ॲक्सिलरेटर दिला की गाडी मागून उचलली जाते आणि सोडला की बसते, म्हणून वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. पण लेक्कोहून कोमो तळ्याच्या काठाने मांदेल्लो, वारेन्ना असं वर जाताना, किंवा बेल्लाजोहून घिसाल्लोच्या चढावर, जिथे सायकलस्वारांचं प्रसिद्ध देऊळ आहे, ही गाडी कमी आरपीएमवर ज्या दमदारपणे चढते, ते मी आजच्या कुठल्या गाडीत अनुभवलेलं नाही. तिसऱ्या गिअरवर टाकायची आणि विसरायचं. जोडलेले ब्रेक ओल्या रस्त्यावरही इतका विश्वास देतात, की इतक्या जुन्या गाडीवर आहोत हे लक्षात राहत नाही. ॲव्हरेज साधारण १६-१७ पडतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायला हेड समोरच असल्याने स्टूल टाकून बसलं की अर्ध्या तासाचं काम.

आणि या महिन्यांत काय काय गेलं? ओलाव्याने केलेलं नुकसान एकदम दिसत नाही, हा माझा सर्वांत महत्त्वाचा अनुभव. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सगळं सुरेख. मग पुढच्या फोर्कचे ऑइल सील गळायला लागले, कारण नळ्यांवरच्या बारीक गंजाने नवं रबर कापलं. मग हँडल सरळ ठेवल्यावर मध्यावर खटकायला लागलं. वर्षानुवर्षं एकाच जागी भार पडून स्टिअरिंगच्या बेअरिंगला खड्डे पडले होते. मग चार्जिंगचा दिवा मिणमिणू लागला, बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रणेतल्या डायोड प्लेटचा जोड आतून गंजला होता. आणि शेवटी मागच्या आर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, आत शाफ्टला आधार देणारं बेअरिंग. त्याचा आवाज आधी टायरचा वाटला. मांदेल्लोत गुझ्झीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले एक निवृत्त आजोबा भेटले होते. त्यांनी गाडी थोडी ढकलली, कान लावला आणि म्हणाले, "हे बेअरिंग आणि युनिव्हर्सल जॉइंट, दोन्ही बदल. पाणी तिथेच साचतं." उघडल्यावर तसंच निघालं. म्हणून गाडी सुरू झाली की काम संपलं असं धरू नका. पहिलं वर्षभर घरापासून फार लांब जाऊ नका आणि खर्चाचा बराच भाग या दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा.

इथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक व्यावहारिक गोष्ट. भारतीय लायसन्स इटलीत बदलून मिळत नाही, रहिवासी झाल्यावर वर्षभरच चालतं, पुढे परीक्षा द्यावी लागते आणि लेखी पेपर इटालियनमध्ये असतो. गाडी ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर नेहमीचा रोड टॅक्स लागत नाही, पण दर दोन वर्षांनी होणारी तपासणी सुटत नाही.

आणि महाराष्ट्रात जुनी गाडी सांभाळणाऱ्यांसाठी, मग ती यझ्दी असो की एकेकाळी मुंबईत जोडली जाणारी लॅम्ब्रेटा. पावसाळ्यासाठी गाडी उभी करणार असाल तर इंजिन ऑइल उभी करण्याआधी बदला, नंतर नाही. जुन्या तेलातलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. आता आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे कार्बोरेटर पूर्ण रिकामा करून ठेवा. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर उत्तम. आणि दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करायची सवय असेल तर ती सोडा. तेवढ्यात तेल तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि इंजिनात फक्त पाणी जमतं. सुरू केली तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा, नाहीतर हात लावू नका.

टी-३ घ्यायला जाणाऱ्यांनी विकणाऱ्याला एवढंच विचारावं: सिलिंडर क्रोमचे आहेत की बदललेत, बिल दाखवता का? उत्तर "माहीत नाही" असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी सुरू करा. माझ्या गाडीचं अजून एक काम बाकी आहे. गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून थोडं तेल क्लचकडे झिरपतंय, आणि त्यासाठी नोव्हेंबरात धुकं सुरू झालं की चेसिस पुन्हा इंजिनावरून उचलायची आहे. सील आणि क्लचच्या दोन्ही प्लेट आणून ठेवल्या आहेत.