प्रार्थनेच्या नावाखाली चालणारा आधार गट आणि माझे 55,000 रुपये

पतीच्या निधनानंतर माझ्यावर नैराश्याचे उपचार चालू होते. मंडळीतल्या एका भगिनीच्या सांगण्यावरून मी वडगाव शेरीतल्या एका फ्लॅटमध्ये भरणाऱ्या ‘ख्रिस्ती आधार गटा’त जाऊ लागले. आधी गीत, मग शास्त्रपाठ आणि त्यानंतर प्रत्येकाने मन मोकळे करायचे. तिथे कोणाचाही विश्वास बसला असता. नोंदणीचे 2,500, वैयक्तिक समुपदेशनाचे 9,000, लोणावळ्याच्या शिबिराचे 18,500 आणि ‘विश्वासाचे बीज’ म्हणून 25,000, असे एकूण 55,000 रुपये त्यांनी उकळले.

खरे तर नोंदणीच्याच वेळी कळायला हवे होते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर ट्रस्टचे नाव येण्याऐवजी एका मोबाइल शॉपीचे नाव आले आणि पिन टाकताना माझा अंगठा थबकला. “ट्रस्टचे खाते उघडायचे काम चालू आहे, सिस्टर,” असे गट चालवणारे ब्रदर म्हणाले. शेजारी डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या बायकांसमोर पावतीवरून हुज्जत घालणे, तेही रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसताना, कोणाला जमले असते?

पावती न देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पुढे “गोळ्या आणि विश्वास एका घरात नांदत नाहीत,” असे सांगून त्यांनी माझी औषधे बंद करायला लावली. नैराश्याच्या गोळ्या अचानक सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, आजारही उलटू शकतो. मी हे सारे भोगले. वैद्याची गरज दुखणाइतांना असते, हे प्रभूचेच शब्द आहेत आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. डॉक्टर सोडायला सांगणारा माणूस कितीही वचने पाठ म्हणो, तिथून उठून निघा. मी पैसे परत मागितले, तेव्हा विश्वासाने सांगितलेले माझे घरचे सारे त्यांनी ‘प्रार्थना विनंती’ म्हणून व्हॉट्सॲपवर टाकले.

पोलीस चौकीत “मॅडम, दान तुम्ही स्वखुशीने दिलेत,” असे ऐकवून मला सायबर विभागाकडे पाठवले. तिथे “व्यवहार समोरासमोर झाला, हा आमचा विषय नाही,” असे उत्तर मिळाले. न्यास नोंदणीच्या कार्यालयात तर ट्रस्टच नोंदलेला नाही म्हणून तक्रार घेता येत नाही, असे सांगण्यात आले. म्हणजे जो नोंदणीच करत नाही, त्याला कोणी जाबही विचारायचा नाही! रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, असे मी म्हटले तर समोरच्या साहेबांनी मानही वर केली नाही.

स्वतःला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या स्वमदत गटात सभासदत्वाचे शुल्क नसते, नावही गुप्त राहते. तुमच्या गटात याच्या उलट चालत असेल तर थांबा. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर सरकारी समुपदेशन मोफत मिळते, मराठीतूनही. गट चालवणाऱ्याविषयी आपल्या पाळकांना आधी विचारा, आणि पाळकांनीही कोणाला पाठवण्यापूर्वी चौकशी करावी.

मी लेखी तक्रार दिली असून तिची पोच माझ्याकडे आहे. त्या मोबाइल शॉपीच्या खात्यावर ज्यांनी पैसे भरले असतील त्यांनी आपापले स्क्रीनशॉट जोडून स्वतंत्र तक्रारी द्याव्यात, कारण एकट्या बाईचा अर्ज ते फायलीत दाबून ठेवतात.