‘तुमची शंका हेच तुमच्या आजाराचे लक्षण आहे’

मानसोपचाराच्या नावाखाली माझी जी फसवणूक झाली, तिच्यात पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून मोठे नुकसान असे, की मनात आलेल्या शंकेला काही किंमत असते हा विश्वासच माझ्याकडून काढून घेतला गेला. हा प्रकार कसा घडतो हे सविस्तर लिहीत आहे, कारण ज्यांना खरोखर मदतीची गरज असते तेच याला बळी पडतात.

वडिलांच्या निधनानंतर माझी झोप उडाली होती आणि कामात लक्ष लागत नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून गोळी सुरू केली आणि जोडीला समुपदेशन घेण्यास सुचवले. ओळखीतून एका ‘थेरपिस्ट’चे नाव मिळाले. भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रे होती आणि बोलण्यात ‘ट्रॉमा’, ‘अवचेतन मन’ असे शब्द सहज येत होते. पहिल्या भेटीत त्याने तासभर मध्ये न बोलता माझे ऐकून घेतले. त्याचे ऐकणे उत्तम होते, हे मी आजही नाकारणार नाही; या धंद्यातले खरे भांडवल तेच आहे.

त्यानंतर एक प्रश्नावली भरून घेऊन त्याने माझ्या व्यक्तिमत्त्वाचा छापील अहवाल हाती ठेवला. ‘बाहेरून तुम्ही खंबीर दिसता, पण आतून असुरक्षित असता’, ‘तुमच्या क्षमतेचा मोठा भाग अजून वापरलाच गेलेला नाही’ ही त्यातली वाक्ये वाचून मला रडू आले. त्याच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एका बाईंनी काही महिन्यांनी आपला अहवाल दाखवला, तेव्हा त्यात हीच वाक्ये याच क्रमाने होती. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना ‘खास तुमच्यासाठी तयार केलेले’ असे सांगून व्यक्तिचित्रे वाटली होती. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला होता. तरीही विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. माझ्या अहवालातली ती दोन वाक्येही जवळपास तशीच फोररच्या त्या मजकुरात आहेत.

अहवालानंतर वर्षभराच्या पॅकेजची पूर्ण रक्कम आगाऊ मागण्यात आली. पावतीवर ‘उपचार’ किंवा ‘समुपदेशन’ हे शब्द कुठेही नव्हते. तिथे ‘वैयक्तिक विकास मार्गदर्शन’ असे लिहिले होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘रक्कम परत मिळणार नाही’ अशी ओळ होती. उपचाराचे उद्दिष्ट काय, प्रगती कशी मोजायची आणि तो केव्हा थांबवायचा, याबद्दल कागदावर एक अक्षरही नव्हते. हे मी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘ताई, हे तुम्ही बोलत नाही, तुमचा प्रतिकार बोलतोय.’’

हा प्रतिकार पुढे सगळीकडे आला. भेटींनी बरे वाटत नाही म्हटले की प्रतिकार, बहिणीचा सल्ला घेतला की प्रतिकार, पैसे द्यायला उशीर केला की प्रतिकार. रुग्णाचे मन नकळत उपचारालाच विरोध करते, ही संकल्पना फ्रॉइडपासून मनोविश्लेषणात आहे आणि जाणते उपचारक ती जपून वापरतात. मात्र रुग्णाचा प्रत्येक आक्षेप तिच्या खाती टाकला, तर उपचारक कधी चुकूच शकत नाही. होकार दिला तर त्याचे म्हणणे खरे ठरते, आणि नकार दिला तर ते अधिकच खरे ठरते.

त्यानंतर लहानपणीच्या ‘दडपलेल्या आठवणी’ शोधणे सुरू झाले. डोळे मिटायला लावून तो विचारी, ‘‘खोलीत आणखी कोण आहे? नीट पाहा, कोणीतरी आहे.’’ स्मृतीवर संशोधन करणाऱ्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना, लहानपणी आपण बाजारसंकुलात हरवलो होतो अशी कधीच न घडलेली घटना नातेवाइकांच्या नावाने सांगितली गेली, आणि त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना ती पूर्णपणे किंवा अंशतः ‘आठवली’. माझ्या बाबतीत संशयाची सुई एका काकांकडे वळवली गेली. ते कधी आमच्या घरी राहिलेच नव्हते, हे आईने सांगितले, तेव्हा ‘आई लपवते आहे’ असे उत्तर मिळाले. आई आणि बहीण या दोघींशी माझे बोलणे जवळपास बंद झाले. विचारायला जावे असे माणूसच उरू नये, ही या धंद्याची गरज असते.

सर्वांत धोकादायक भाग गोळीचा होता. ‘रसायनांनी भावना गोठतात’ असे सांगून त्याने ती एकदम बंद करायला लावली. थोड्याच दिवसांत चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना सुरू झाली. नैराश्यावरच्या अनेक औषधांच्या बाबतीत ती अचानक थांबवल्यास असे होते, म्हणूनच डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात. तो मात्र म्हणाला, ‘‘विष बाहेर पडते आहे.’’ बहिणीने मला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी औषध पुन्हा सुरू केले.

बाहेर पडल्यावर कळले, की एका भेटीतले माझे ध्वनिमुद्रण त्याने गटासमोर ‘उदाहरण’ म्हणून ऐकवले होते. तक्रार करायला गेले, तेव्हा तो कोणत्याही व्यावसायिक संस्थेचा नोंदणीकृत सदस्यच नसल्याचे समजले, त्यामुळे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकत नव्हती. प्रमाणपत्रे आठवडाअखेरच्या अभ्यासक्रमांची होती. आज ज्या समुपदेशक बाईंकडे जाते, त्यांनी पहिल्याच भेटीत आपली पदवी आणि नोंदणी सांगितली, गोपनीयतेला अपवाद कोणते (माझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यास) ते समजावले, आणि काही भेटींनंतर उपयोग वाटला नाही तर दुसऱ्या कोणाचे नाव सुचवीन असे आपणहून म्हणाल्या.

सध्या कोणी अशा पॅकेजमध्ये अडकले असेल, तर ‘शेवटच्या एका भेटीला या’ हे निमंत्रण स्वीकारू नये. थांबवत असल्याचे लेखी कळवावे आणि ध्वनिमुद्रणे व नोंदी नष्ट करण्याची मागणी त्याच पत्रात करावी. पावत्या आणि संदेश जपून ठेवावेत, तक्रारीसाठी तेच लागतात. औषध बंद केले असेल, तर या सगळ्याच्या आधी ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना गाठावे. त्यांना काय घडले ते जसेच्या तसे सांगावे.