आमच्या सोसायटीतलं सोलर: पाचपैकी चार तारे

कंपनीचं नाव लिहीत नाही, गच्चीतल्या भोकाचा वाद अजून चालू आहे.

धायरीत आमच्या तीन इमारती. एच्या खाली मीटर रूम, सीच्या खाली गाड्यांचे २ चार्जर, मध्ये ९० मीटर केबल. सेल्सवाला आला तो २० किलोवॅटचे सगळे पॅनल एच्या गच्चीवर मांडूनच. मीटर रूम जवळ, काम सोपं! कमिटीने माना डोलावल्या. मीही. सेक्रेटरी असले तरी शिक्षण बी.कॉम.

मग त्यांची इंजिनिअर आली. वर्षभराची बिलं मागितली, तिन्ही गच्च्या चढली, टाकीची सावली कुठवर सरकते ते खडूने आखलं. संध्याकाळी चार्जरला गाडी लावायला सांगून मीटर धरला. मीटर रूममध्ये २३१ व्होल्ट, चार्जरपाशी २१९. म्हणाली, "काकू, ३२ अँपिअर ओढताय. जवळजवळ ४०० वॉट नुसती केबल तापवण्यात जातायत."

म्हणून १० किलोवॅट सीच्या गच्चीवर गेले, थेट चार्जरच्याच बोर्डात. वीज जिथे होते तिथेच खपते. आता दुपारी मी स्वतः मीटर धरते, फरक ९ व्होल्टच्या आसपास येतो. पण तिने आधीच बजावलं होतं: रात्री ९ला सगळ्यांनी गाड्या लावल्या तर पॅनल कुठेही बसवा, शून्य उपयोग. मग दिवसाचा दर आम्ही युनिटमागे २ रुपये कमी केला. पेन्शनर लगेच आले. गुरुवारी एमआयडीसीवाल्यांची सुट्टी, त्या दिवशी तर रांग लागते आणि रांगेवरून भांडणंही.

स्वच्छ उन्हात किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात बरेच कमी. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी पीएम सूर्यघरचं अनुदान किलोवॅटमागे १८,००० रुपये, म्हणजे आम्हाला ३,६०,०००. अर्ज, कागद, सह्या हे सगळं कंपनीनेच केलं, त्यात बोट ठेवायला जागा नाही.

आता भोक. सीच्या गच्चीतून केबल खाली आणताना वॉटरप्रूफिंग फोडलं आणि वर नुसतं सिमेंट थापलं. पहिल्याच पावसात सहाव्या मजल्यावरच्या जिन्यात गळती. तीन फोन केले, "उद्या माणूस येतो." जिन्यात अजून आमचीच बादली आहे. बुजवा, पाचवा तारा देते.