पालघरच्या चालीवर गॅलघर: 'आयरिश टूर ७४'ची एलपी

आधी उच्चाराचं सांगून टाकतो. पस्तीस वर्षं मी या माणसाला रोरी 'गॅलघर' म्हणत आलो, पालघरच्या चालीवर. मागच्या दिवाळीत पुतणी म्हणाली, "काका, तिथे 'घ' नाहीच आहे. गॅलहर म्हणतात." म्हटलं ठीक आहे, इतकी वर्षं त्याने तक्रार केली नाही, आता काय करणार आहे. तर रोरी गॅलहर, आयर्लंडचा गिटारवादक, आणि त्याची 'आयरिश टूर ७४' ही दोन तबकड्यांची लाइव्ह एलपी. नवी छापलेली, परदेशी, मला घरपोच ४,७०० रुपयांना पडली. घरी आकडा ३,००० सांगितलाय, तेव्हा हे वाचून कुणी आमच्याकडे फोन करू नये.

सांगलीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा हॉस्टेलवर एका सीनिअरचा भाऊ मर्चंट नेव्हीत होता. तो बंदराबंदरातून रेकॉर्ड आणायचा आणि सीनिअर त्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून द्यायचा. कॅसेटचे पैसे आपले, वर एक प्लेट मिसळ. माझ्या कॅसेटवर त्याने बॉलपेनने नुसतं 'रोरी, लाइव्ह' लिहिलं होतं. अल्बमची पहिली तबकडी, दोन्ही बाजू मिळून, कॅसेटच्या एका बाजूत जेमतेम बसते. म्हणजे सहावं गाणं, 'अ मिलियन माइल्स अवे', संपतं, लोक टाळ्या वाजवायला घेतात, आणि खट्ट. टेप संपली. मी ते गाणं कितीही वेळा ऐकलं असेल, टाळ्या कायम दीड सेकंद.

आता पार्सलचं. ऐन जुलैत आलं. पुठ्ठ्याचा एक कोपरा पार भिजलेला, आणि पहिली तबकडी ताटासारखी खोलगट. टर्नटेबलवर ठेवली तर पिनचा दांडा होडीसारखा वर-खाली. दुकानदाराला व्हिडिओ पाठवला, तर उत्तर, "सर, थोडा बाक असतोच." थोडा? आमच्या वीज खात्यात पोल इतका वाकला तर आम्ही सप्लाय बंद करतो. परत पाठवायची तर खर्च माझा. मग दोन जाड काचांमध्ये ती ठेवली, वर ऑफिसच्या जुन्या परिपत्रकांचे गठ्ठे, आणि तीन आठवडे हात लावला नाही. पूर्ण सरळ झाली नाही, पण वाजते. त्या परिपत्रकांचा इतका उपयोग याआधी कधी झाला नव्हता. दुकानाचं नाव लिहीत नाही, फक्त पावसाळ्यात रेकॉर्ड मागवू नका.

वाजवायला बसलो तर गाण्याच्या आधी घूंऽऽ. मी ऐटीत हिला समजावलं, "हा ॲम्पचा आवाज आहे. त्याच्या गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारे तुकडे, सिंगल कॉइल, एकाच वेटोळ्याचे आहेत, ते मेन्सची घरघर उचलतात. आयर्लंडमध्येही आपल्यासारखेच ५० हर्ट्झ." ही म्हणाली, "मग रेकॉर्ड उचलल्यावर पण का येतोय?" बघतो तर टर्नटेबलची अर्थिंगची तार सुटून लोंबतेय. अठ्ठावीस वर्षं वीज खात्यात काढलीत मी. तार आवळली, घूं गेलं, आणि त्या शांततेतून 'क्रेडल रॉक' या पहिल्या गाण्याची सुरुवात आली ती थेट छातीवर.

रेकॉर्डिंग डिसेंबर १९७३ आणि जानेवारी १९७४ मधलं आहे, बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क या तीन गावांतलं. नंतर चढवलेलं पॉलिश नाही, स्टुडिओची सफाई नाही. गाडीत बसवलेला फिरता स्टुडिओ बाहेर उभा करून टिपलेले कार्यक्रम आहेत. त्यामुळे जेरी मॅकअव्हॉयचा बास कधी कधी हॉलच्या घुमण्यात विरघळतो, लू मार्टिनचा पियानो मध्येच कुठून तरी डोकं वर काढतो. कॅसेटवर हा पियानो मला जवळपास ऐकूच आला नव्हता. 'आय वंडर हू' हे अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सचं गाणं, त्यात गिटार एक वाक्य बोलते आणि पियानो तिला हुंकार देतो, कीर्तनात टाळकरी देतात तसा. नव्या छापाईसाठी ४,७०० मोजावेत का, याचं माझं उत्तर या पियानोत आहे. बासही पायात जाणवतो. तक्रार ड्रमच्या झांजांबद्दल, त्या जरा पत्र्यासारख्या वाजतात, पण तो दोष छापाईचा नसून मुळातला असावा.

खरी तक्रार दुसरी आहे आणि तिच्यावर कुणाचाच इलाज नाही. दुसरी बाजू चोवीस मिनिटांची, आणि सगळ्यात नाजूक गाणं, तेच 'अ मिलियन माइल्स अवे', अगदी शेवटी, लेबलजवळ. तबकडी एकाच गतीने फिरते, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. बाहेरच्या कडेला पिनखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलपाशी २० च्या आसपास. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. वरचे सूर तिथे किंचित फाटतात. ज्यांची पिन साधी आहे त्यांना हे जास्त जाणवेल. मला जाणवलं, आणि तरी मी ते गाणं त्या रात्री तीनदा लावलं.

कारण त्या गाण्यात एक जागा आहे. बारमध्ये एकटा बसलेला माणूस, आजूबाजूला कलकल, आणि हा मनाने लाखो मैल दूर, असा एकूण मामला. मध्यावर बँड हळूहळू खाली बसतो. ड्रम नुसते कुजबुजतात. आणि रोरी सूर छेडतो पण छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही, सूर धुक्यातून पुढे आल्यासारखा वाढत जातो. हे तो करंगळीने करतो. तार छेडताना व्हॉल्यूमचं बटण बंद, मग करंगळीने हळूच उघडायचं. यंत्र-बिंत्र काही नाही. मी हॉस्टेलवर माझ्या गिबसन गिटारवर (म्हणजे कोलकात्याच्या गिव्हसनवर, स्पेलिंग बघूनच घेतली होती) हे महिनाभर करून पाहिलं. बटण हातात आलं.

त्याची गिटार ही स्वतंत्र गोष्ट आहे. १९६१ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. पंधरा वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, त्याने ती कॉर्कच्या क्राउलीच्या दुकानातून १०० पौंडांना सेकंडहँड घेतली, तीही हप्त्यांवर. पुढे ती डब्लिनमध्ये चोरीला गेली आणि काही दिवसांनी पावसात भिजलेली सापडली. रंग उडत उडत अखेर नुसतं लाकूड उरलं, बराचसा त्याच्या घामाने खाल्ला. पण माणसाने ती आयुष्यभर बदलली नाही. आज नवीकोरी गिटार मुद्दाम घासून 'जुनी' करून दुप्पट भावाने विकतात, ते पाहिलं की मला हसू येतं. २०२४ मध्ये तिचा लंडनला लिलाव झाला, जवळपास नऊ लाख पौंडांना गेली, आणि ज्यांनी घेतली त्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. शंभर पौंडांच्या हप्त्यांपासून तिथपर्यंत.

आमच्या खात्यातल्या लोकांसाठी आणखी एक. त्याच्या आवाजातला तो तिखटपणा बऱ्याच अंशी एका छोट्या डबीतून यायचा, रेंजमास्टर नावाची, आत एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर, बाहेर एक बटण. गिटार त्या डबीत, डबी व्हॉक्सच्या एसी ३० ॲम्पमध्ये. क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे तरुणपणी कार्यक्रमानंतर त्याला गाठून विचारता झाला, की हा आवाज काढता कसा? रोरीने सगळं सांगून टाकलं. ब्रायन मेने पुढे त्याच जोडणीवर आपला आवाज उभा केला, आणि हे तो स्वतःच सांगत आलाय. आमच्या ग्रुपवर ब्रायन मे सगळ्यांना माहीत आहे. रोरीचं नाव टाकलं तर एकाने विचारलं, "फुटबॉलर का?"

असं का झालं, याला कारण थोडा तो स्वतःच आहे. सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची सुटी रेकॉर्ड, काढायची नाही हा त्याचा हट्ट. रेडिओवर तीन मिनिटांचं गाणं वाजायचं तर ते आधी बाजारात यायला हवं, आणि हा ते येऊच द्यायचा नाही. गिटारवादक मिक टेलर सोडून गेल्यावर रोलिंग स्टोन्स या बँडने जानेवारी १९७५ मध्ये त्याला रॉटरडॅमला बोलावून वाजवून पाहिलं. जपानचा दौरा आधीच ठरलेला होता, हा उठून जपानला गेला. आपल्याकडे अशा माणसाला व्यवहार कळत नाही म्हणतात. दुसरीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये बाँब फुटत होते, बहुतेक बँडनी बेलफास्टचं नावच टाकलं होतं, तेव्हा हा मात्र तिथल्या अल्स्टर हॉलला जात राहिला. या अल्बममधल्या गर्दीचा आवाज ऐकताना हे डोक्यात ठेवा. ते लोक नुसते खूश नाहीत, 'आला बाबा' असं त्यात आहे.

तिसऱ्या बाजूवर दोनच गाणी आहेत आणि ती बाजू मी पाहुण्यांना ऐकवतो. 'वॉक ऑन हॉट कोल्स' अकरा मिनिटं. पाहुणे साधारण सातव्या मिनिटाला बोलायचं थांबतात. त्यानंतरच्या 'हूज् दॅट कमिंग'मध्ये स्लाइड आहे, बोटात नळी घालून तारेवर घसरवायची, आणि तिथे रोरी जे करतो ते मला शब्दांत धरता येत नाही. चौथी बाजू कार्यक्रमानंतरच्या जमलेल्या बैठकीसारखी सैल आहे. चहा करायला उठायचं तर तेव्हा. दुसऱ्या बाजूवर मध्येच 'ॲज द क्रो फ्लाइज्' आहे, तिथे बँड गायब, हा एकटा, पत्र्याचा घुमट असलेली नॅशनल गिटार आणि तोंडाला बाजा. माझ्या आईला या सगळ्या अल्बममध्ये तेवढंच आवडलं. "हा बरा गातो," म्हणाली, "मघाचा ओरडत होता." दोघे एकच आहेत हे सांगून उपयोग नव्हता.

घ्यावी का? टर्नटेबल नसेल तर नुसत्या कव्हरसाठी नको, सीडी घ्या, आत दबलेल्या सुरांची भानगडही नाही. नुसती ओळख करून घ्यायची असेल तर याच दौऱ्यावर टोनी पामर यांनी केलेला माहितीपट बघा, चौकड्यांचा शर्ट घातलेला हा माणूस घामाने निथळताना दिसतो. पण घरी बऱ्यापैकी पिन आणि मजबूत अर्थिंग असेल तर घ्या. मात्र दुकानदाराकडून तबकडी सपाट असल्याचा व्हिडिओ आधी मागा.

रोरी १९९५ च्या जूनमध्ये गेला, सत्तेचाळीस वर्षांचा होता, यकृत बदलल्यानंतर संसर्ग झाला. मी तेव्हा नोकरीला नुकता लागलो होतो, ही बातमी मला दोन वर्षांनी कळली.

त्या रात्री दुसरी बाजू संपत आली तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. शेवटचा सूर, टाळ्या, आणि सवयीने माझं अंग 'खट्ट'साठी तयार झालेलं. खट्ट आलं नाही. टाळ्या चालूच. कुणीतरी शिट्टी मारली, मागून कुणी नावाने हाक मारली, "रोरी!" मग पिन लेबलपाशी गोल फिरत राहिली, आणि मी ती उचलायला बराच वेळ उठलो नाही.